बँकेची ‘लाइन’ जाते म्हणजे काय?

गटाचे पैसे भरायला बँकेत जावं आणि खिडकीतून ऐकू यावं, “लाइन नाही, उद्या या.” दिवसाची मजुरी बुडाली! आतले संगणक तर चालू दिसतात. मग गेलं काय?

शाखेत राउटर नावाची पेटी असते. संगणकांचे निरोप ती शहराकडे धाडते. निरोप म्हणजे नुसते शून्य आणि एक. आठ तारांवरून आठ आकडे एकदम पाठवले तर लवकर पोचतील, असं वाटतं. जुन्या प्रिंटरची जाड केबल तशीच होती, पण ती काही मीटरच चालायची. लांब अंतरावर एखाद्या तारेतला आकडा किंचित मागे पडतो आणि निरोपाचा गोंधळ होतो. शिवाय कोसच्या कोस आठ तारा ओढायचा खर्च कोण करणार? म्हणून बाहेरच्या लाइनसाठी जुन्या राउटरला सिरियल तोंड असे. सिरियल म्हणजे एकामागून एक, पायवाटेवर हंडे घेऊन आपण चालतो तसं. फक्त दोन्ही टोकांचा ठेका जुळायला हवा. २०१३ साली बंद झालेली तारसुद्धा अशीच जायची, कडकट्ट कडकट्ट! आज काचेच्या तंतूतून उजेडाची उघडझाप तशीच धावते.

पण वाट एकच असली आणि खोदकामात ती तुटली, तर सगळी शाखा ठप्प. मॅनेजरसाहेबांना विचारा, दुसरी लाइन, निदान मोबाइलच्या सिमवरची, आहे का? नसेल तर गटाचा ठराव करून लेखी मागा. आणि हो, अर्जाची पोच घ्या.