फिरत्या तांड्याचा कायमचा पत्ता
(स्नेहमेळाव्यातील भाषण)





‘आपल्या जिल्ह्याविषयी काहीही बोल, फक्त कॉम्प्युटरवर बोलू नकोस,’ अशी संयोजकांची अट होती. म्हणून आज पोहरादेवीच्या यात्रेवर बोलते. मानोरा तालुक्यातल्या या गावी रामनवमीला लाखो माणसे येतात. तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. गर्दी, धूळ, ऊन हे तुम्हाला ठाऊक आहे. पण कर्नाटक-तेलंगणातला माणूस चैत्राच्या उन्हात एवढा प्रवास करून इथे का येतो, ते मला सांगायचे आहे.

आमचा बंजारा समाज मूळचा लदेणी करणारा. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादायचे आणि या बाजारातून त्या बाजारात, कधी फौजांच्या मागोमाग न्यायचे. तांडा म्हणजे चालती वस्ती. सेवालाल महाराज, म्हणजे आमचे सेवाभाया, अशाच एका तांड्यात वाढले. त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा मानतात. वडील भीमा नाईक, आई धरमणी.

माझी आजी त्यांची कथा अशी सांगायची. जगदंबेने भीमा नाईकांकडे त्यांचा मुलगा भक्त म्हणून मागितला. नाईकांनी साफ नकार दिला. देवी कोपली आणि तांड्यावर एकामागून एक संकटे आली. शेवटी तांड्यासाठी सेवाभायांनी देवीची सेवा पत्करली. पण देवीने बळी मागितला तेव्हा ते म्हणाले, मुक्या जनावराचा जीव देणार नाही, हवी तर माझी मान घे. देवी प्रसन्न झाली. दुसऱ्या कथेत घरात काही नसताना त्यांनी चिखलाचा शिरा करून देवीला जेवू घातले.

लहानपणी मला शिऱ्याची गोष्ट आवडायची. आता पहिली आवडते. तीत भक्त देवीला मानतो आणि तिला नाहीही म्हणतो. पोहरादेवीत वर्षानुवर्षे बोकडांचे नवस फेडले गेले. बळी बंद व्हावा म्हणणारे आमच्यातही आहेत आणि परंपरा सोडू नये म्हणणारेही. कथा कोणाच्या बाजूने आहे, हे आजीला विचारावे लागले नाही.

सेवाभायांची समाधी पोहरादेवीला आहे. त्यांच्यानंतर आमच्या लोकांवर मोठे दिवस आले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि वऱ्हाडातली बैलांवरची वाहतूक बसत गेली. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो शिक्का बंजाऱ्यांवरही बसला आणि कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले. धंदा गेला, फिरायची सोय गेली, नाव खराब झाले. अशा माणसांना आपले म्हणता येईल असे एक ठिकाण राहिले, ते ही समाधी. म्हणून आम्ही पोहरादेवीला काशी म्हणतो.

तिथला विधी साधा आहे. अग्नीत तूप आणि गोडाचा भोग देतात, नंगारा वाजतो आणि अरदास होते. अरदासीत किडा-मुंगी, गाय-बैल, सगळ्या जिवांचे भले मागतात. त्यातच आपलेही आले. ज्यांना कोणी दारात उभे केले नाही, त्यांनी सगळ्या जगासाठी मागावे, यात मला त्या जागेची ओढ सापडते. ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथे नंगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले. जरूर बघा.

यात्रेच्या दिवसाचेही एक गणित आहे. आमच्या तांड्यांवरची माणसे दिवाळीच्या आगेमागे ऊस तोडायला जातात, कोणी वीटभट्टीवर. साखर कारखान्यांचा हंगाम चैत्राच्या सुमारास संपतो. म्हणजे रामनवमी येते तेव्हा माणूस गावी परतलेला असतो, हातात चार पैसे असतात आणि घरात गहू आलेला असतो. यात्रेत आधी एकमेकांची चौकशी होते: कोण आले, कोण नाही, कोणाच्या मुलीचे जमले.

आणि कोणाची शाळा सुटली. दिवाळीनंतर आपल्या वर्गातले मागचे बाक कसे रिकामे व्हायचे, आठवते? बाई हजेरी घेताना ती नावे पटकन वाचून पुढे जायच्या. त्यातले काही जण दहावीच्या परीक्षेला बसलेच नाहीत आणि आज या मंडपातही नाहीत. मी शाळेत राहिले, कारण आजी तांड्यावर थांबली आणि मला ठेवून घेतले. एवढाच फरक होता.

आजही आपल्या शाळेत अशी मुले आहेत. म्हणून आपल्या बॅचपुढे एक प्रस्ताव ठेवते. आई-वडील बाहेर असतील त्या पाच महिन्यांत शाळेतच संध्याकाळचा अभ्यास आणि रात्रीचे जेवण. मुख्याध्यापक सरांनी एक खोली द्यायचे कबूल केले आहे. स्वयंपाकाला दोन बाया आणि शिकवायला गावातली पदवीधर मुले लागतील. पहिल्या वर्षाच्या जेवणाचा खर्च मी उचलते. पुढचा आपण वाटून घेऊ. हिशेब दर महिन्याला आपल्या ग्रुपवर टाकीन.

पुढच्या रामनवमीला सगळ्यांनी पोहरादेवीला या. आमच्या तांड्यावर जेवण करूनच परत जायचे. आणि येताना, मागच्या बाकावरचे कोणी सापडले तर त्यांनाही घेऊन या.