दुखत नाही, हेच दुखणं



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक आक्का आल्या. चप्पल काढली तर तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला, भोवती पू झालेला. "कधी मोडला?" आम्ही विचारलं. "कळलंच नाही बाई. रोज उसात जातेय की!" आम्ही गप्पच झालो.

आक्कांना दहा वर्षं साखरेचा आजार आहे. साखर फार दिवस वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. मग काटा, उसाचा बुडखा, चावणारी चप्पल, काहीच कळत नाही. जखम चिघळते आणि कधी बोट, कधी पायच कापावा लागतो.

ही बधिरता आधीच ओळखायला एक साधं साधन आहे, मोनोफिलामेंट. मुठीला लावलेला नायलॉनचा दोरा, माशाच्या गळाच्या दोरीसारखा. १० ग्रॅम जोर पडला की तो वाकतो. त्यामुळं कुणीही टेकवला तरी जोर तेवढाच पडतो. सुई नाही, रक्त नाही.

आक्कांना आम्ही दवाखान्यात नेलं. जखम धुऊन पट्टी झाल्यावर सिस्टरनी दोरा आधी हाताला लावून दाखवला. मग म्हणाल्या, "डोळे मिटा, लागलं की हो म्हणा." अंगठा, चवडा असं एकेक ठिकाण झालं. भेगा, घट्टे आणि जखम सोडून. डाव्या पायाला आक्का "हो, हो" म्हणाल्या. उजव्या पायाला तीन ठिकाणी दोरा वाकला, तरी आक्का गप्पच.

त्या दिवसापासून आक्का अनवाणी फिरत नाहीत. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवतात. आंघोळीचं पाणी पायानं नाही, कोपरानं बघतात. रात्री सून तळवे बघते.

आणखी एक. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्यातही अशीच तपासणी करतात. गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, रोग पूर्ण बरा होतो. लाजून लपवलं तर हातपाय वाकडे होतात.

तेव्हा घरात कुणाला साखर असेल तर वर्षातून एकदा तरी पाय तपासून घ्या. डॉक्टरांनी नाही म्हटलं तरी आपणच विचारा, "पायाची दोऱ्याची तपासणी कराल का?" विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि आज झोपण्याआधी दिवा जवळ घेऊन घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तळवे बघा. आपलेही बघा!