फुटपाथ कुठे संपतो?

विषय दिलाय अमेरिकेतल्या उपनगरातल्या राहणीचा, पण मी बोलणार आहे फुटपाथबद्दल. आणि ज्यांना हा विषय किरकोळ वाटतो, त्यांच्याशीच जास्त बोलणार आहे. न्यू जर्सीत घर घेताना आपली मंडळी काय काय बघतात? शाळेचं रेटिंग, बेसमेंट फिनिश्ड आहे का, प्रॉपर्टी टॅक्स किती, मेट्रोपार्क स्टेशन किती मिनिटांवर, आणि दार पूर्वेला आहे ना. घरासमोरचा फुटपाथ कुठे संपतो, हे मात्र कुणी चालून बघत नाही. कितीतरी डेव्हलपमेंटमध्ये तो फाटकापर्यंत छान येतो आणि तिथेच गवतात बुडतो. पुढे चार पदरी रस्ता, 45 मैलांची पाटी, आणि पलीकडे दुकान. दुकान दिसतं, पण पायी गाठता येत नाही. सांगलीहून किंवा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील पहिला आठवडा आतल्या आत फेऱ्या मारतात, मग खिडकीशी बसून तुमच्या गाडीची वाट बघतात. मग आपण म्हणतो, त्यांना इथे करमत नाही. करमणार कसं? दूध आणायला जायची सोय नाही, वाटेत थांबून दोन शब्द बोलायला माणूस नाही.

ही रचना आपोआप झालेली नाही, कायद्याने ठरवून झालेली आहे. न्यूयॉर्क शहराने 1916 साली झोनिंगचा, म्हणजे घरं, दुकानं, कारखाने वेगवेगळ्या भागांत ठेवण्याचा ठराव केला. क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड गावाने 1922 साली तसाच नियम केला, त्यावर एका जमीनमालक कंपनीने दावा लावला, आणि 1926 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गावाच्या बाजूने निकाल दिला. आजही हे कायदे त्याच निकालाच्या आधारावर उभे आहेत. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आठवा. मोहरी, जिरं, हळद, तिखट, प्रत्येकाची वाटी वेगळी. हळदीत मोहरी सांडू नये हा आग्रह रास्तच आहे, तसा कारखान्याचा धूर घरात शिरू नये हाही. पण वाट्या वेगळ्या असल्या तरी डबा एकच असतो, म्हणून तेल तापलं की जागचं न हलता फोडणी होते. इथल्या गावांनी मोहरी ठेवली वरच्या मजल्यावर, हळद गॅरेजमध्ये, जिरं शेजारच्या गावात. आता दर चिमटीला गाडी काढा! तेल जळणारच. आणि अपार्टमेंटची गत हिंगाची. युक्लिडच्या निकालात न्यायमूर्ती सदरलँड यांनी स्वतंत्र घरांच्या वस्तीतल्या अपार्टमेंटला चक्क बांडगुळाच्या पंक्तीला बसवलं. उग्र वास येतो म्हणून हिंग घराबाहेर ठेवणाऱ्याच्या हातची आमटी कशी होईल, ते तुम्हीच सांगा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: दुकानं जवळ आली की गर्दी येते, शांतता जाते, घराच्या किमती पडतात. आपण पुरावा बघू. एडिसन टाउनशिपने चहूबाजूंनी वेढलेलं मटचन नावाचं छोटं गाव आहे. तिथे मेन स्ट्रीट आहे, त्या रस्त्यावर दुकानं आहेत, रेल्वे स्टेशन चालत जाण्याजोगं आहे आणि फुटपाथ सलग आहेत. तिथली घरं कुणी कवडीमोलाने विकत नाही. मॉन्टक्लेअर, वेस्टफिल्ड, प्रिन्स्टन यांचंही तेच. उलट अशा गावात राहायला लोक जास्त पैसे मोजतात आणि वर वाट बघत बसतात. म्हणजे मागणी आहे, माल कमी आहे, कारण नवा माल बनवायला बहुतेक ठिकाणी नियमांची आडकाठी आहे. राहिली गर्दी. दुकानं लांब ठेवल्याने गाड्या कमी झाल्या का? त्या रूट 1 वर आणि रूट 27 वर जाऊन उभ्या राहिल्या, एवढंच. चालत येणाऱ्या गिऱ्हाइकाला पार्किंग लागत नाही, हे इतकं उघड आहे की पुन्हा सांगतो: चालत येणाऱ्याला पार्किंग लागत नाही.

कुणी म्हणेल, उपनगर म्हटलं की हे असंच असायचं. तर तसंही नाही. याच न्यू जर्सीत, फेअर लॉनमध्ये, 1929 साली रॅडबर्न नावाची वसाहत सुरू झाली. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी ती आखली, आणि आखली ती मोटारींच्या युगासाठीच! पण त्यांनी गाड्यांना एक वाट दिली आणि माणसांना दुसरी. घरांची तोंडं बागेकडे, बागेतून पायवाट, मोठा रस्ता आला की पायवाट खालून बोगद्याने पलीकडे. मुलाने एकही रस्ता न ओलांडता शाळेत जावं ही त्यामागची कल्पना. महामंदी आली, काम अर्धवट राहिलं. पण जेवढं झालं तेवढं आजही जाऊन बघता येतं. दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 पासून लेव्हिटटाउन या एकसाची वसाहतीच्या धर्तीवर घरं उठली आणि पुढच्या बिल्डरांनी रॅडबर्नमधली गल्लीच्या टोकाची गोल कल-डी-सॅक तेवढी उचलली, पायवाट सोडून दिली. आपण विकत घेतो ती हीच अर्धी नक्कल.

दुसरा आक्षेप थंडीचा. बर्फात चालणार कोण? शिकागोची थंडी आपल्यापेक्षा कडक, तरी तिथल्या डेव्हन अॅव्हेन्यूवर माणसं पिशव्या घेऊन चालतात, कारण फुटपाथ आहे आणि चालून पोचायला काहीतरी आहे. तिसरा आक्षेप मात्र मला महत्त्वाचा वाटतो: आईवडील सहा महिने राहणार, त्यांच्यासाठी का गाव बदलायचं? मंडळी, हा प्रश्न फक्त त्यांच्यापुरता नाही. तुमचा चौदा वर्षांचा मुलगाही गाडी चालवू शकत नाही. त्याचा मित्र दोन मैलांवर असेल तर त्याला आईची राईड लागते. आणि 1965 च्या इमिग्रेशन कायद्याने दारं उघडल्यावर जी मराठी माणसं इथे आली, ती आज पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. मोतीबिंदूने, मधुमेहाने गाडीची किल्ली हातातून गेली की चार बेडरूमचं घर असून माणूस अडकला. तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी 2023 साली एकाकीपणावर देशाला इशारा दिला तेव्हा तो आरोग्याचा प्रश्न म्हणूनच दिला. दुसरीकडे, 2022 साली या देशात साडेसात हजारांच्या आसपास पादचारी वाहनांखाली मेले, चाळीस वर्षांतला हा उच्चांक. तेव्हा 'आई, जरा बाहेर चालून या' म्हणण्याआधी त्यांना चालायला सांगतोय कुठे, एवढं तरी बघा.

समोरून घड्याळ दाखवताहेत. घरामागे आजी-आजोबांसाठी छोटं घर बांधायची परवानगी, झोनिंग सैल करणारा ओरेगनचा 2019 सालचा कायदा, त्याच दिशेने मिनीॲपोलिसने काय केलं, हे सगळं राहिलं. ते पुन्हा कधीतरी. पण मुद्दा चुकू नये म्हणून परत सांगतो: घर घेण्याआधी दारातून निघा आणि फुटपाथ संपेपर्यंत चाला. घर आधीच घेतलं असेल, तर न्यू जर्सीत 564 नगरपालिका आहेत आणि कुठे काय बांधायचं याचा आराखडा गावातलं प्लॅनिंग बोर्ड करतं. त्या बोर्डाची बैठक सगळ्यांना खुली असते. मंडळाच्या गणपतीत मोदकांचं नियोजन तीन महिने करणारे आपण, तिथल्या खुर्च्यांवर का दिसत नाही? तिथे जातात ते बहुधा नको म्हणायला जाणारे, मग फुटपाथ हवा असं म्हणणार कोण? शेजारी कुणी झोनिंगमध्ये सवलत मागितली, की 200 फुटांच्या आतल्या घरमालकांना सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. बहुतेक वेळा ती सर्टिफाइड मेलने येते. ते पाकीट कूपनांच्या गठ्ठ्याबरोबर रिसायकलिंगमध्ये टाकू नका. उघडा, तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि त्या संध्याकाळी टाउन हॉलमध्ये जाऊन बसा.