वेखंडाचे बेणे



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'वेखंड' असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आयुर्वेदावर ना?" मी म्हटले, "नाही, चिखलावर." त्यांनी सौजन्याने पुढे काही विचारले नाही. परंतु माझे उत्तर थट्टेचे नव्हते. मी वैद्य नव्हे. शाळेत मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला आणि निवृत्तीनंतर घरामागच्या तीन वाफ्यांत मी वेखंड लावतो. त्या वाफ्यांनी मला जे शिकवले, तेवढेच सांगण्याचा माझा अधिकार आहे.

आपली वेखंडाशी ओळख अगदी पाळण्यापासूनची. बाळगुटीच्या डब्यात हिरडा, मायफळ, मुरडशेंग, हळकुंड यांच्या शेजारी तो करड्या रंगाचा, गाठीगाठींचा तुकडा असतो. पोट दुखले की त्याचा लेप बेंबीभोवती, सर्दी झाली की कपाळावर. दिवाळीच्या उटण्यात तो असतो आणि आजीच्या पैठणीच्या घडीतही असतो, कारण त्याच्या वासाने कसर लागत नाही. इतक्या परिचयाची ही वस्तू; पण तिचे झाड किती जणांनी पाहिले आहे? वर्गात हा प्रश्न मी दरवर्षी विचारीत असे. चाळीस मुलांत एखादा हात वर होई, आणि तोही बहुधा हळदीचे झाड पाहिलेल्या मुलाचा असे.

तेव्हा आधी झाड पाहू. ओहोळाच्या काठी, पाणथळ जागी, जेथे पाय घोट्यापर्यंत रुततो तेथे ते वाढते. पाने तलवारीसारखी लांब, कमरेपर्यंत उंच, बुंध्याशी एकमेकांत अडकलेली. लव्हाळ्यांत उभे असले तर नवख्याला कळत नाही. परंतु पानाची एक कड जरा चुण्या पडल्यासारखी नागमोडी असते आणि पान चुरगाळले की तोच गुटीच्या डब्याचा वास येतो. मग शंका राहात नाही. आपण वापरतो ते याचे मूळ नव्हे. ते चिखलात आडवे सरपटणारे खोड आहे. शास्त्रज्ञ त्याला मूलक्षोड म्हणतात. पूर्वी या वनस्पतीला अळवा-सुरणाच्या कुळात बसवीत. अलीकडच्या संशोधनाने तिला स्वतंत्र कूळ मिळाले आहे, आणि गवत, ताड, केळी, कांदा या साऱ्या एकदल वनस्पतींच्या वंशवृक्षावर तिची फांदी सर्वांआधी फुटली असे आता मानतात.

मी वेखंड लावायचे ठरवले तेव्हा काष्टौषधींच्या दुकानातून चांगले पावशेर वेखंड आणले आणि चिखलात पुरले. तीन आठवड्यांत ते कुजले. वाळून खडखडीत झालेल्या खोडाचा डोळा मेलेला असतो, हे मुलांना शिकवणाऱ्या माणसाला सुचू नये! मग मी बियांच्या मागे लागलो. एका ओळखीच्या बागेतल्या झाडाला बोटाएवढे हिरवे कणीस आलेले मी पाहिले होते. पानासारख्याच दांड्यातून ते तिरपे बाहेर येते. दोन हंगाम मी त्याच्यावर पाळत ठेवली. दोन्ही वेळा कणीस पिवळे पडून सुकले. आत बी नव्हतेच.

पुढे दक्षिण कोकणातल्या एका वाडीत जाण्याचा योग आला. तिथे एका आजीबाईंच्या न्हाणीच्या पाण्यावर अळवाच्या पलीकडे वेखंडाचे दाट बेट होते. मी त्यांना बियांचे विचारले. त्या हसून म्हणाल्या, "अहो मास्तर, वेखंडाला कुठले बी? माझ्या सासूने दिला तो तुकडा. तिला तिच्या माहेरून आलेला. तुम्हांला हवा तर तुम्हीही न्या." कोयत्याने एक कांडे तोडून, ओल्या सोपटात गुंडाळून त्यांनी माझ्या हाती दिले. आज माझ्या वाफ्यांत जे काही आहे ते त्या एका कांड्याचे आहे.

आजीबाईंनी जे सांगितले त्याचे कारण शास्त्राने शोधले आहे. वेखंडाच्या गुणसूत्रांचा एक संच बारांचा असतो. काही जातींत असे दोन संच असतात, काहींत चार. परंतु आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी, आणि युरोपात तर सर्वत्र, वाढणाऱ्या वेखंडात तीन संच, म्हणजे ३६ गुणसूत्रे असतात. बी धरायचे तर गुणसूत्रांनी जोड्या लावाव्या लागतात. फुगडीला मुली तीन आल्या की एक बाहेर राहते आणि खेळ मोडतो, तसे होते. आपल्या खाण्यातल्या केळ्यांचेही असेच. म्हणून आपण केळीचे मुनवे लावतो, बी पेरीत नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आजीबाईंच्या सासूच्या माहेरचे वेखंड, आजीबाईंचे वेखंड आणि माझे वेखंड ही तीन झाडे नव्हेत. ते एकच झाड आहे, हातोहात पुढे आलेले. सोळाव्या शतकात तुर्कस्तानातून हे झाड युरोपात गेले. व्हिएन्नात क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते १५७४ च्या सुमारास लावले. तेथून ते तळ्यातळ्यांत पसरले, तेही तुकड्यातुकड्यांनीच. पोलंडात त्याला 'ताताराक' म्हणतात; तातार स्वारांनी ते आणले अशी तेथील समजूत आहे. बी नसलेल्या झाडाने एवढा प्रवास केला तो माणसाच्या हातून आणि नद्यांच्या प्रवाहातून.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. त्याच वाडीच्या खालच्या अंगाला एका ओहोळात वेखंड माजलेले होते. कुणी लावले, कुणास ठाऊक. काही वर्षांनी गेलो तेव्हा एका व्यापाऱ्याच्या माणसांनी ते मुळासकट खणून नेले होते. आंब्याचे झाड तोडले तर कुठे तरी एखादी कोय रुजते. येथे रुजायला काही उरलेच नव्हते. त्या ओहोळातले वेखंड संपले ते संपलेच. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या कोरटगेरे भागातील शेतकरी भातासारखी खाचरे करून ते लावतात; तिकडे त्याला 'बजे' म्हणतात. ओहोळ खणण्यापेक्षा ही रीत निश्चित शहाणपणाची.

आता लागवडीचे. खाचर भातासारखेच चिखलून घ्यावे आणि शेणखत भरपूर घालावे. गाळाची, चिकण माती उत्तम. बेणे गेल्या वर्षीच्या खोडाच्या शेंड्याकडचे घ्यावे, बोटभर लांब आणि हिरवा कोंब असलेले. पाने चार बोटे ठेवून कापून टाकावीत. कांडे आडवे ठेवून दोन बोटे चिखलाखाली दाबावे, कोंब मात्र वर राहिला पाहिजे. दोन कांड्यांत एक फुटाचे अंतर. पहिल्यांदा पाणी तीन बोटे उभे असावे. रोप धरले की वीतभरापर्यंत नेले तरी चालते. तण सुरुवातीचे दोन-तीन महिने काढावे लागते, नंतर वेखंडच त्याला दाबते. खाचर कोरडे पडू देऊ नये, एवढे एकच पथ्य कडक आहे. माझा एक वाफा एका उन्हाळ्यात मी गावाला गेलो असताना आठ दिवसांत गेला.

ज्यांना वाफा नाही त्यांनी हळहळू नये. तळाला भोक नसलेली सिमेंटची कुंडी, फुटके घंगाळ, अर्धे कापलेले पिंप, काहीही चालते. मात्र पाणी मातीच्या वर उभे ठेवू नका, नाहीतर वेखंडाबरोबर डासांचीही लागवड होईल. माती सतत लिबलिबीत असली की पुरे.

वर्षभराने खालची पाने पिवळी पडून वाळू लागतात. मग पाणी काढून, ओल असतानाच कुदळीने हलकेच खणावे. खोडे एकमेकांत गुंतलेली असतात. ओढाताण केली की मोडतात. धुऊन, बारीक मुळे काढून, दोन-तीन इंचांचे तुकडे करून सावलीत वाळवावे. कडक उन्हात वास उडतो, आणि वेखंडाचे सारे मोल त्या वासाच्या तेलातच आहे. वाळल्यावर गोणपाटात घालून चोळले की वरची खवले निघून जातात. आणि खणाल त्याच दिवशी शेंड्याची कांडी पुन्हा चिखलात लावा. ती उद्यावर टाकू नका.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून काही भगिनी माझ्यावर रागावतील. वेखंडाच्या तेलात बीटा-आसारोन नावाचे द्रव्य असते. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जम्मूकडच्या वेखंडाचे तेल उंदरांना अन्नातून दीर्घकाळ दिले, तेव्हा त्यांच्या आतड्यांत गाठी झाल्या. १९६८ साली अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड घालण्यास बंदी केली. गंमत अशी की हे द्रव्य सर्व वेखंडांत सारखे नसते. उत्तर अमेरिकेतल्या दोन संचांच्या, बी धरणाऱ्या जातीत ते नसतेच. युरोपातल्या तीन संचांच्या वेखंडाच्या तेलात ते थोडे असते. आपल्याकडच्या काही नमुन्यांत मात्र तेलाचा निम्म्याहून किती तरी अधिक भाग त्याचाच असतो.

बाहेरून पाहता हे तुकडे सारखेच दिसतात. मग आजी सहाणेवर दोन वेढे देते, त्या दोन वेढ्यांत किती गेले? आजीला ठाऊक नाही, दुकानदाराला नाही आणि मलाही नाही. शिवाय 'बाळवेखंड' या नावाखाली कधी कधी भलत्याच वनस्पतीची मुळे विकली जातात, ते वेगळेच.

कुणी म्हणेल, आमच्या चार पिढ्या गुटीवर वाढल्या. माझीही वाढली. पण आपले जुने वैद्य वेखंडाला दुधासारखे निरुपद्रवी समजत नव्हते. चरकसंहितेत वचा लेखनीय आणि संज्ञास्थापन अशा दोन्ही गणांत आहे, आणि अधिक मात्रेत ती वांती करवते हे त्यांना चांगले माहीत होते. म्हणूनच गोमूत्रात शिजवून तिचे शोधन करण्याची रीत पडली. सहाणेवर कच्चे वेखंड उगाळताना ती रीत आपण घराबाहेर ठेवली. माझ्या नातवाच्या वेळी घरात यावरून दोन दिवस अबोला होता. शेवटी ठरले की डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाळाच्या तोंडात वेखंड घालायचे नाही, आणि त्याच्या नाकातोंडात जाईल अशी पूडही उधळायची नाही. कपाटात, उटण्यात, धान्याच्या कणगीत वेखंड राहिले. धान्यातल्या किड्यांवर ते खरोखरच चालते, कारण तेच तेल त्यांची वीण खुंटवते.

बेण्याचे महत्त्व मला येथे दिसते. बी नसल्यामुळे झाड बदलत नाही. जे कांडे लावाल त्याच गुणाचे वेखंड वर्षानुवर्षे मिळत राहील. एकदा एका बेटाचे तेल प्रयोगशाळेत तपासून घेतले, तर त्या बेटाच्या प्रत्येक तुकड्याविषयी आपल्याला बरेच काही कळलेले असते. औषधे करणाऱ्यांनी बाजारातल्या पोत्यांवर न विसंबता अशी तपासलेली, नावनिशीची बेणी शेतकऱ्यांना द्यावीत, असे मला वाटते. हे अवघड नाही. केळीच्या आणि उसाच्या बाबतीत आपण ते केलेच आहे. माझ्या स्वतःच्या बेण्याची तपासणी अजून व्हायची आहे, म्हणून मी ते कोणालाही खाण्यासाठी देत नाही, लावण्यासाठी देतो.

आता वैशाख चालू आहे. मृगाला महिनाभर अवकाश आहे, पण कुंडीत लावायला पाऊस लागत नाही. बाहेर दाराशी टोपलीत ओल्या गोणपाटाखाली साठ-सत्तर कांडी ठेवली आहेत. प्रत्येकाने एकच घ्यावे, म्हणजे मागच्या रांगेतल्यांनाही पुरेल. घरी जाईपर्यंत ते ओल्या रुमालात ठेवा आणि आज रात्रीच चिखलात लावा.