मिठागरातला क्षार आणि काचेवरचं ऊन

काचेवर कॅडमियम टेल्युराइडचा थर चढवला, की पातळ पापुद्र्याचा सौरघट तयार होतो. थर जेमतेम काही मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी पातळ. पण नुसता थर चढवून भागत नाही. तो असंख्य बारीक कणांचा असतो आणि कणांच्या सांध्यांत वीज अडकून वाया जाते. म्हणून त्यावर क्लोराइडचा हात फिरवून तो सुमारे ४०० अंशांवर तापवतात. क्लोरीन सांध्यांत शिरतं आणि घटाची कार्यक्षमता कितीतरी पटींनी वाढते.

अडचण अशी, की त्यासाठी वापरायचं कॅडमियम क्लोराइड विषारी, शिवाय पाण्यात सहज विरघळणारं. कामगारांच्या जिवाशी गाठ! २०१४ साली लिव्हरपूल विद्यापीठात जॉन मेजर आणि सहकाऱ्यांनी त्याजागी मॅग्नेशियम क्लोराइड वापरून पाहिलं. मिठागरात मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं ना, त्यातलाच हा क्षार. टोफू बनवतानाही तो वापरतात. किंमत अगदी नगण्य. आणि घट? तेवढेच कार्यक्षम, १३ टक्क्यांच्या वर. मला या शोधाचं फार अप्रूप वाटतं: महागडं यंत्र नाही, नवा धातू नाही, फक्त क्षार बदलला.