वाढत्या अंगाची गिटार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



शाळेचा गणवेश शिवायला टाकताना आपल्याकडे शिंप्याला एक सूचना हमखास दिली जाते, "जरा वाढत्या अंगाचा शिवा हो." निदान दोन वर्षं तरी निघाली पाहिजेत, हा त्यामागचा हिशेब. पहिलं वर्ष पोरगं त्या पँटीत बुडालेलं असतं, पण त्यानं कुणाचं फारसं बिघडत नाही. गिटार घेताना मात्र हा हिशेब लावला की बिघडतं. कसं, ते आज सांगायचं आहे.

मी बरीच वर्षं गिटार शिकवतो. मे महिन्याची सुट्टी लागली की पालक विचारायला येतात, "सर, एकदाच घ्यायची आहे, तर मोठीच घेऊ ना?" पूर्वी मी बेलाशक "घ्या" म्हणत असे. अशाच एका अकरा वर्षांच्या मुलीच्या वडिलांनी माझ्या शब्दावर दुकानातली ४१ इंची गिटार आणली. वाद्य उत्तम होतं. मुलगी ते मांडीवर घेऊन बसली की वरून फक्त तिचे डोळे आणि वेणी दिसायची. उजवा हात गिटारवरून पलीकडे टाकायचा म्हणजे तिला खांदा कानापर्यंत उचलावा लागे. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "सर, खांदा दुखतो." मी म्हणालो, "होईल सवय." सवय झाली नाही. पावसाळ्यात ती एक दिवसाआड येऊ लागली आणि गणपतीनंतर यायची बंद झाली. गोडी नव्हती, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

सात-आठ वर्षांनी ती एका घरगुती कार्यक्रमात भेटली. मैत्रिणीची लहान अंगाची गिटार घेऊन छान वाजवत होती. मी जुनी आठवण काढली, तर हसून म्हणाली, "सर, मला वाटायचं, माझेच हात लहान पडतात." चूक माझी होती आणि इतकी वर्षं ती तिनं स्वतःच्या हातांवर घेतली होती.

आता हे मोठं-लहान म्हणजे नेमकं काय? रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून मापं सांगतो. आपल्या दुकानांत सगळ्यात जास्त दिसणारा मोठा आकार म्हणजे 'ड्रेडनॉट'. १९०६ साली ब्रिटिश आरमारात या नावाची प्रचंड युद्धनौका दाखल झाली. तिच्यावरून अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं १९१६ साली एका विक्रेत्यासाठी बनवलेल्या भल्यामोठ्या गिटारला हे नाव पडलं. १९३१ पासून मार्टिननं ती स्वतःच्या नावानं विकायला काढली आणि पुढे जगभरच्या कारखान्यांनी तिची नक्कल केली. तिचं पोट खालच्या बाजूला सुमारे ३९.७ सेंटिमीटर रुंद असतं आणि खोली असते १२ सेंटिमीटरच्या वर.

याच कंपनीचे लहान आकार शून्यांनी ओळखले जातात. एक शून्य, दोन शून्यं, तीन शून्यं. शून्यं वाढतात तसा आकार वाढतो. एका शून्याची गिटार साधारण ३४ सेंटिमीटर रुंद. आज आपण तिला लहान म्हणतो, पण एकोणिसाव्या शतकात तिची गणना मोठ्या, मैफलीच्या गिटारमध्ये होत असे. म्हणजे गिटार लहान झालेली नाही, आपली मोजपट्टी लांबली आहे.

तीन शून्यांची गिटार ३८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ड्रेडनॉटपेक्षा फक्त दीड-पावणेदोन सेंटिमीटरनं कमी. मग फरक कुठे पडतो? तो पडतो कमरेत आणि खोलीत. गिटारची कंबर आपल्या मांडीवर टेकते. ड्रेडनॉटची कंबर सुमारे २९ सेंटिमीटर, तर तीन शून्यांची २४ च्या आत. कंबर बारीक, तितकं वाद्य मांडीवर खाली बसतं आणि उजवा खांदा खाली राहतो. खोलीही दोन सेंटिमीटरनं कमी, त्यामुळे हाताला वळसा कमी पडतो. शिवाय जुन्या पद्धतीच्या तीन शून्यांच्या गिटारवर तारेची वाजती लांबी थोडी कमी असते, ६४.५ ऐवजी ६३.२ सेंटिमीटर. एवढ्यानं तारेचा ताण सुमारे चार टक्के उतरतो. आकडा किरकोळ वाटेल, पण नवशिक्या बोटांना तो पहिल्याच कॉर्डला कळतो.

"पण सर, आवाजाचं काय?" हा पुढचा प्रश्न असतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून बघा. लहान बाटली बारीक बोलते, मोठी घुमते. गिटारच्या पोटातली हवाही अशीच बोलते. पोट मोठं असलं की ही घुम खाली सरकते आणि जाड तारांचे खर्जातले स्वर भरदार येतात. लहान गिटारमध्ये खर्ज आटोपशीर राहतो, त्यामुळे मधले आणि वरचे स्वर सुटे, मोकळे ऐकू येतात. मोठ्या गिटारला जास्त खर्ज मिळतो, पण म्हणून तिचा आवाज चांगला ठरत नाही.

चांगुलपणा बराचसा ठरतो तो वरच्या फळीवर, सतारीत जिला आपण तबली म्हणतो तिच्यावर. आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिरानं १८६२ साली एक गिटार बनवली. वरची फळी लाकडाची आणि बाकी पाठ व बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या! गिटार बोलते ती मुख्यतः वरच्या फळीनं, हेच त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तेव्हा तेवढ्याच पैशांत एकीकडे प्लायवूडच्या फळीची मोठी आणि दुसरीकडे अखंड लाकडाच्या फळीची लहान अशा दोन गिटार समोर आल्या, तर लहान गिटार आधी ऐकून बघा.

आपल्याला ही गोष्ट खरं तर परकी नाही. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोरा घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न असतो, "तुमची पट्टी कोणती?" खालच्या पट्टीत गाणाऱ्याला मोठा मर्दानी तंबोरा आणि वरच्या पट्टीत गाणाऱ्या बाईंना लहान जनानी तंबोरा. लहान म्हणून त्याला कुणी कमी लेखत नाही. गळ्याला जो लागतो तो द्यायचा, इतकं ते सरळ आहे. गिटारच्या दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही, तो आपणच स्वतःला विचारायचा असतो.

याचा अर्थ मोठी गिटार वाईट, असा मुळीच नाही. कोजागिरीला गच्चीवर पंधरा जणं गात आहेत, माइक नाही, अशा वेळी पिक घेऊन जोरकस स्ट्रमिंग करायला ड्रेडनॉटच हवी. तिथे लहान गिटार दबून जाते, आणि जोरात ओढली तर आवाज फाटतो. पण तुम्ही बोटांनी एकेक तार छेडत असाल, खोलीत बसून स्वतःच्या गाण्याला साथ करत असाल, तर लहान गिटार हलक्या हातालाही लगेच बोलते आणि गळ्यावर चढत नाही. माइकसमोरही असंच होतं. माझी मोठी गिटार वाजू लागली की ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ काचेपलीकडून मला मागे सरकण्याची खूण करतात. तिचा खर्ज माइकवर नुसता घोंघावतो.

थोरामोठ्यांकडे बघून तरी निर्णय होतो का, ते पाहा. जोन बाएझची गाजलेली गिटार एका शून्याची. एरिक क्लॅप्टननं १९९२ च्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमात तीन शून्यांची १९३९ सालची गिटार वाजवली, जी २००४ साली ७ लाख ९१ हजार ५०० डॉलरना विकली गेली. त्याच मालिकेत १९९३ साली कर्ट कोबेननं वाजवलेली ड्रेडनॉट २०२० साली ६० लाख डॉलरवर गेली. एड शीरननं तर २०१५ साली लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये एकट्यानं, लहान मुलाची वाटावी अशा गिटारवर हजारो लोकांना गायला लावलं. अर्थात तिथे ध्वनिक्षेपक होते. पण मुद्दा तोच. ज्यानं त्यानं आपल्या हाताला आणि गाण्याला जमेल ती घेतली.

मग दुकानात गेल्यावर करायचं काय? पहिली गोष्ट, ज्याला वाजवायचं आहे त्याला बरोबर न्या. वाढदिवसाची गंमत म्हणून परस्पर आणू नका. दुसरी, बिनहातांच्या खुर्चीवर किंवा स्टुलावर बसून गिटार घ्या आणि आरशात बघा. उजवा खांदा डाव्यापेक्षा वर गेला असेल, तर ती गिटार ठेवून द्या. तिसरी, निदान पंधरा मिनिटं मांडीवर राहू द्या. दोन मिनिटांत सगळ्याच गिटार सोयीच्या वाटतात. चौथी, वाजवता येत नसलं तरी एक तार छेडून तिच्याबरोबर हलक्या आवाजात गुणगुणा. स्वतःचा गळा ऐकू आला पाहिजे. पाचवी, दुकानदाराला वाजवायला सांगून समोर उभं राहून ऐका. गिटारचा आवाज पुढे जातो, वाजवणाऱ्याला तो निम्माशिम्माच कळतो.

आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी सरळ ३६ इंची, म्हणजे पाऊण मापाची गिटार बघा. दोन-तीन वर्षांनी ती लहान पडेल, हे खरं. पण लहान पडली याचा अर्थ पोरगं तोवर वाजवत राहिलं. तेव्हा मोठी घ्यायला तुम्ही आनंदानं जाल, आणि जुनी एखाद्या धाकट्या भावंडाला होईल.

आताही मे महिन्यात पालक तोच प्रश्न घेऊन येतात. मी उत्तर देत नाही. माझ्याकडे भिंतीला तीन मापांच्या गिटार टांगलेल्या आहेत. त्या एकेक करून मुलाच्या मांडीवर ठेवतो आणि त्याच्या खांद्याकडे बघत बसतो. पालक म्हणतात, "सर, काहीतरी बोला ना!" मी म्हणतो, "थांबा, माप घेतोय."