खाष्ट सासूपलीकडच्या ललिताबाई

मावळ-लोणावळ्यातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतोय. एखादी सासू जरा तोंडाळ असली की आपण लगेच म्हणतो, "अगदी ललिता पवार आहे!" आज त्यांच्याविषयीच बोलूया.

त्यांचं मूळ नाव अंबा सगुण. जन्म १९१६ चा, नाशिक जिल्ह्यातला. मूकपटाच्या काळात लहान वयातच त्या कॅमेऱ्यासमोर आल्या, पुढे नायिका झाल्या. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात थप्पड मारण्याचा प्रसंग होता. समोर भगवानदादा होते. थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, औषधपाणी तीन वर्षं चाललं आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला.

पंचविशीतच नायिकेची कामं संपली. पण बाई घरी बसल्या नाहीत. सासू, आई, शेजारीण, मिळेल ती भूमिका त्यांनी जीव ओतून केली. त्या बारीक डोळ्यानेच त्यांची खाष्ट सासू गाजली. 'श्री ४२०' मधली मायाळू केळीवाली त्यांचीच. 'अनाडी'त वरून कडक, आतून प्रेमळ अशी मिसेस डिसा त्यांनी केली आणि फिल्मफेअर मिळवलं. सत्तरी गाठल्यावर दूरदर्शनच्या 'रामायण'मध्ये त्या मंथरा झाल्या. १९९८ मध्ये पुण्यात, औंधला त्या गेल्या.

आपल्याकडेही काम करताना इजा होते. चिक्कीच्या पाकाने हात भाजतो, भात कापताना विळा लागतो. आमच्या एका सदस्येची बोटं भाजल्यापासून नीट मिटत नाहीत. घरचे म्हणाले, "आता हिचा काय उपयोग?" गटाने तिच्याकडे माल विकायचं आणि उधारी वसूल करायचं काम दिलं. बोलायला ती खमकी, त्यामुळे आता उधारी थकत नाही!

मात्र नुसत्या जिद्दीवर दवाखान्याचं बिल भागत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात. वय १८ ते ७० हवं. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात गेले तर २ लाख मिळतात. एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली तर १ लाख. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं, म्हणून मे अखेरीस खात्यात पैसे ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने पासबुक आणा. २० रुपये कापले गेलेत का, ते एकमेकींचं बघू. आणि इजा झालेली कुणी मैत्रीण घरी बसली असेल, तर तिलाही सोबत घेऊन या. तिला जमेल असं काम आपण मिळून शोधू.